मला उत्तरेकडे नेऊ नये

मी, मार्लिस अ‍ॅन टॉलेफसन, वय वर्षे एकसष्ट, पूर्वीचा व्यवसाय विमा कंपनीत दावे तपासणे, हल्लीचा व्यवसाय औषधे वेळेवर घेणे, राहणार आहिहिक, चपाला सरोवराचा काठ, मेक्सिको, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. अपवाद सकाळी आठ ते आठ वीस. त्या वेळात गॅसची गाडी साखळी फरफटवत आमच्या गल्लीतून तीनदा जाते आणि वरच्या कर्ण्यातून 'गाऽऽस' अशी आरोळी येते, जणू कुणाचा गळा दाबतायत. ज्या दिवशी माझे सिलिंडर खरोखर संपते, त्या दिवशी मात्र ती फिरकत नाही. बारा वर्षांत या गाडीविरुद्ध मी नगरपालिकेत चार अर्ज दिले आणि आम्हा परदेशी लोकांच्या मासिकात सहा लेख लिहिले. हे पहिले वाक्य पुरे होईतो ती दोनदा गेली. सबब या कागदात कुठे काही तिरके लिहिले गेले असेल, तर संशयाचा फायदा मला मिळावा.

लिहिण्याचे कारण असे. परवा गुरुवारी ग्वादालाहारा शहरातल्या इस्पितळात माझा डावा पाय गुडघ्याखाली काढणार आहेत. माझा मधुमेह तेवीस वर्षांचा, पाय एकसष्ट वर्षांचा, धाकटा जिंकला. माझी मुलगी जनेल उद्या मिनेसोटाहून विमानाने येते आहे आणि तिचा बेत निराळा आहे. शस्त्रक्रिया होऊच द्यायची नाही, किंवा झालीच आणि मी बोलायच्या स्थितीत नसले तर तशीच, मला गाडीत घालून सीमेपलीकडे न्यायचे. तसे होऊ नये म्हणून हे लिहिते आहे. मी मेले तर हे मृत्युपत्र समजावे. न मरता नुसती पडून राहिले, तर हुकूम समजावा.

कलम एक. घर. घराचे रीतसर मृत्युपत्र नोटरीसाहेबांच्या कचेरीत स्पॅनिशमध्ये झालेले आहे. सप्टेंबर हा या देशात मृत्युपत्रांचा महिना. नोटरी लोक फी निम्म्यावर आणतात आणि आमची पांढऱ्या केसांची मंडळी छत्र्या घेऊन रांग लावतात. माझ्या पुढचे गृहस्थ विचारत होते की दोन केली तर आणखी सूट मिळेल का. घर जनेलला आहे. तिने ते विकावे. ठेवून घेऊन दर वर्षी इथे येऊन रडू नये.

कलम दोन. जंगम मालमत्ता. फ्रिज, शिवणयंत्र, गाडी आणि बँकेच्या इथल्या खात्यातली सगळी शिल्लक युलालिया पान्तोहा हिला. ती अकरा वर्षे माझ्याकडे कामाला आहे. फ्रिजच्या वरच्या कप्प्यात माझे इन्शुलिन आणि खालच्या तिन्हींत तिच्या घरचे मटण, अशी आमची वाटणी कधीच ठरली नाही, पण कधी मोडलीही नाही. तिचा नवरा सुतार आहे. व्हर्लिनची, म्हणजे माझ्या मयत नवऱ्याची, सगळी पटाशी-रंध्याची पेटी त्याला. व्हर्लिनने त्या हत्यारांनी आठ वर्षांत एक पक्ष्यांचे घर बनवले. त्यात पक्षी आला नाही.

युलालियाला एवढे का, असे जनेल विचारेल. सांगते. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात उभी होते आणि ती मागून ओरडली.

"बाई, तुमच्या पावलामागे फरशीवर हे काय पडतंय?"

"काय पडतंय?"

"रक्त, आणखी काय पडणार? बसा खाली. द्या पाय इकडे." मग तिने माझ्यासमोर एक ड्रॉइंग पिन धरली, पितळी डोक्याची. "ही कधीची?"

मी हिशेब केला. "सोमवारची असेल."

"आज गुरुवार आहे! चार दिवस पायात खुपसून फिरताय आणि कळलं नाही?"

"कळलं असतं तर फिरले असते का?"

"हसू नका. मला हसू येत नाहीये."

मी हसत नव्हते. माझा चेहरा तसा आहे.

कलम तीन. ती पिन कुठून आली, आणि डुएन प्रुइट. डुएन माझा शेजारी, मूळचा टेक्सासचा. त्याला या मृत्युपत्रात काहीही मिळणार नाही. याची दोन कारणे आहेत, त्यातले एक शेवटी येईल.

दुसरे असे. इथे राहणाऱ्या आम्हा अमेरिकन माणसांच्या फ्रिजवर एक पाकीट चिकटवलेले असते. आत पासपोर्टची प्रत, औषधांची यादी, विम्याचे कार्ड आणि सीमेपर्यंतच्या रस्त्याचा नकाशा. आमचा म्हातारपणचा सरकारी विमा सीमेच्या अलीकडे एक पै देत नाही. पण हप्ते भरायचे थांबवले तर पुन्हा महाग पडतो, म्हणून सगळे भरत राहतात. आणि एकदा भरलेच आहेत, तर वसूल झाले पाहिजेत. तेव्हा छातीत कळ आली की टाकी भरून उत्तरेला निघायचे, साडेअकरा तास गाडी हाकायची, आणि पूल ओलांडला की मग खुशाल कोसळायचे. चांगली शिकलेली माणसे जेवणाच्या टेबलावर एकमेकांना आपापले पाकीट दाखवतात आणि वाहवा मिळवतात. डुएन या पंथाचा धर्मगुरू आहे. आम्हा परदेशी लोकांच्या क्लबातल्या फळ्यावर तो दर महिन्याला सूचना लावतो, 'उत्तरेचा बेत: तुमचा तयार आहे का?' मी दर महिन्याला ती फाडते. ऑगस्टमध्ये फाडताना एक पिन खाली पडली. बहुधा चपलेत.

म्हणजे पाय मी एका चिठ्ठीवरच्या रागापायी घालवला. असो.

परवा रविवारी तो कुंपणापाशी उभा होता.

"मार्लिस, गाडीतली मागची सीट काढलीये. गादी टाकलीये, मऊ. तू फक्त हो म्हण."

"गादी कुणाची?"

"आमचीच. का?"

"मग तूच झोप तिच्यावर."

"हे बघ, तू तोंड चालव, पण ऐक. जनेलशी माझं बोलणं झालंय. पोरगी काकुळतीला आलीये. बाप असा गेला, आता तू."

"बाप कसा गेला ते तिला ठाऊक नाही, डुएन."

"म्हणजे?"

मी आत निघून आले. हा 'म्हणजे' कलम पाचात आहे.

कलम चार. पाय. इस्पितळाच्या अर्जात एक रकाना आहे: काढलेल्या अवयवाचे काय करायचे. नातेवाइकांना परत, दफन, की इस्पितळाच्या भट्टीत. मी भट्टीवर खूण केली. तिथली मुलगी म्हणाली, "विचार करून सांगितलं तरी चालेल हं, ताई. काही लोकांना नंतर वाईट वाटतं." मी विचारले, कोणाला, पायाला? तिने शिक्का मारला. माझे बाकीचे गेल्यावर तेही जाळावे आणि राख गावामागच्या टेकडीवरच्या दफनभूमीत ठेवावी. मृत्यूच्या दाखल्यावर सही डॉक्टर आर्रियागा करतील. त्यांनी मला नऊ वर्षे तपासले आहे. त्यांना शोधून आणावे, नाहीतर परक्या माणसाच्या हाती कागद गेला की शवचिकित्सा लागते. माझ्या आत काय आहे ते मी इथेच लिहिते आहे.

हे वाचणाऱ्याला वाटेल की या बाईला काही वाटतच नाही. डॉक्टर आर्रियागा दर महिन्याला नायलॉनचा एक ताठ धागा माझ्या तळव्याला टेकवून विचारतात, "इथे?" मी डोळे मिटून "नाही" म्हणते. "इथे?" "नाही." ते वहीत लिहून घेतात. वहीत फक्त पावलाचे चित्र आहे.

कलम पाच. उत्तर दिशा. शुद्धीत असो वा बेशुद्धीत, जिवंत असो वा नसो, मला उत्तरेकडे नेऊ नये. जे करायचे ते शहरात करावे. पैसे खिशातून भरावे. ते बाजूला काढलेले आहेत, युलालियाला कपाट माहीत आहे.

गेल्या बुधवारी जनेलचा फोन होता.

"आई, बाबा घरी यायला निघाले आणि वाटेत गेले. तुझं मी तसं होऊ देणार नाही. तुला मी घरी आणणार."

"इथली इस्पितळं चांगली आहेत गं."

"असतील. पण तूच सांगितलंयस ना, बाबांना शेवटी घरीच यायचं होतं म्हणून? सांगितलंयस की नाही?"

"हो."

हे 'हो' मी मागे घेते. चोवीस वर्षे मी लोकांचे दावे तपासले, तेव्हा घटनाक्रम लिहायची मला सवय आहे.

दिनांक ६ मार्च २०१९. सकाळी सहा दहा: व्हर्लिन, वय त्र्याहत्तर, कॉफी घेताना कप खाली ठेवतो. डावा हात चोळतो. घाम.

सहा वीस: तो म्हणतो, "शहरात जाऊ या, मार्लिस. पन्नास मिनिटं."

सहा एकवीस: मी म्हणते, "तिथे सगळं खिशातून जाईल. आठ वर्षं हप्ते भरलेत तुझे. एक डॉक्टर पाहिला नाही आपण त्यात."

तो म्हणतो, "लांब आहे गं."

मी म्हणते, "तू झोप मागे. मी चालवते."

तो म्हणतो, "बरं बाई. तू म्हणशील तसं." आणि स्वतःच उठून फ्रिजवरचे पाकीट काढतो.

सहा पंचावन्न: निघालो. शहराच्या बाहेरून जाणारा रस्ता धरला. इस्पितळाची पाटी उजव्या हाताला होती. मी ती वाचली.

दहा चाळीस: पाणी मागतो. रंग बरा वाटतो. मी मनात म्हणते, बघ.

बारा पन्नास: मातेउआला गावाच्या अलीकडे. "थांब जरा," म्हणतो. एका खाणावळीसमोर थांबले. मागचे दार उघडेपर्यंत तो गेला होता.

सीमा अजून साडेपाच तास होती. 'घर' हा शब्द तो त्या दिवशी एकदाही बोलला नाही. संध्याकाळी जनेलने फोनवर विचारले, "एवढ्या लांब का निघालात पण?" मी म्हणाले, "बाबांना घरी यायचं होतं." तिचे रडणे बदलले. त्याला काही अर्थ आला. मला तो परत घेता आला नाही. कामावर असताना असा दावा माझ्या टेबलावर आला असता, तर मी दहा मिनिटांत नाकारला असता.

जनेल, तू चिडशील. चीड. पण इस्पितळात चीड, शहरातल्या.

कलम सहा. व्हर्लिन. त्याची राख तू मिनेसोटात, डलूथला नेलीस आणि आजोबांच्या शेजारी ठेवलीस. दगडावर 'घरी पोहोचला' असे कोरून घेतलेस. मी त्या वेळी फोटो पाहून छान आहे म्हणाले. आता तुला खरे माहीत आहे. राख तिथेच ठेवायची की इथे आणायची, दगड बदलायचा की नाही, हे तू ठरव. मी सांगणार नाही. एकदा मी ठरवले, पुरे झाले.

कलम सात. साक्षीदार. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीला उभे राहू नये, हे मला नोकरीपासून माहीत आहे. डुएनला काही न देण्याचे पहिले कारण हेच. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असा नियम नाही, पण आज दुपारी मी त्याला माझ्या टेबलाशी बसवून पहिल्यापासून इथपर्यंत वाचायला लावले. कलम पाचाशी तो थांबला. चष्मा काढून पुसला.

"त्या दिवशी मीच तुला फोनवर शाबास म्हटलं होतं," तो म्हणाला. "वाटेत सान लुईस शहरातून केला होतास. मी म्हटलं, शाबास, मार्लिस, मागे वळू नकोस."

"आठवतंय."

"हे का नाही लिहिलंस?"

"गाडी मी चालवत होते."

त्याने चष्मा परत लावला. मग म्हणाला, "गुरुवारी शहरात मी नेतो तुला. सकाळी किती वाजता?"

"सहाला."

"गादी ठेवू?"

"ठेव. परत येताना लागेल."

मग त्याने सही केली.

कलम आठ, शेवटचे. त्या खाणावळीच्या मालकीणबाई, दोन्या तोमासा. व्हर्लिनच्या अंगावर त्यांनी आतून आणून एक घोंगडी घातली, तपकिरी, पांढऱ्या पट्ट्यांची, एका कोपऱ्याला निखाऱ्याने भोक पडलेली. फक्त हनुवटीपर्यंत घातली. "तोंड राहू दे उघडं," म्हणाल्या, "लोक यायला वेळ आहे अजून." पोलीस येईपर्यंत तीन तास त्या माझ्याजवळ गाडीत बसल्या. मी सकाळी इन्शुलिन घेतले होते आणि त्यानंतर काही खाल्ले नव्हते. माझा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनीच ओळखले. "साखर आहे ना तुम्हाला? माझ्या बहिणीला होती. खा. आधी खा." घेवड्याची उसळ, दोन मक्याच्या भाकऱ्या, खूप साखर घातलेली कॉफी. मी खाल्ले, नवऱ्याचे डोके मांडीवर घेऊन. पैसे त्यांनी घेतले नाहीत. घोंगडी व्हर्लिनबरोबर गेली आणि माझ्याबरोबर परत आली. साडेचार वर्षे ती माझ्या पलंगाखाली होती. धुतलीही नव्हती.

रविवारी युलालियाने धुतली. काल मी भोकाच्या कडा शिवून घेतल्या, पांढऱ्या दोऱ्याने. तपकिरी मिळाला नाही. आज सकाळी पार्सल बसच्या कचेरीत दिले. पत्ता: दोन्या तोमासा, खाणावळ, पेट्रोल पंपासमोर, मातेउआलाच्या अलीकडे. आत चिठ्ठी घातली आहे. तिच्यात त्यांचे आभार आहेत, त्याचे नाव व्हर्लिन होते हे आहे, आणि उशीर झाल्याबद्दल माफी आहे. कचेरीतला माणूस म्हणाला, उद्या संध्याकाळपर्यंत पोचेल. पावती या कागदाला टाचली आहे.

हे सर्व मी स्वतःच्या हाताने, कोणी न सांगता लिहिले आहे.

सही: मार्लिस अ‍ॅन टॉलेफसन

साक्षीदार:
१. डुएन प्रुइट, शेजारी. (सही)
२. डॉक्टर हिलारिओ आर्रियागा. (सही)

स्थळ: आहिहिक, हालिस्को
दिनांक: मंगळवार, १२ सप्टेंबर २०२३