विक्रमचे बूट

१२ जानेवारी १९८५, शनिवार

तू गप्प बस, वहीबाई. 'खरं लिही, खरं लिही' म्हणायला तुझं काय जातंय? तुला कोणाकडे हळदीकुंकवाला जायचं नसतं. तुला कोणी विचारत नाही, "काय गं, नवरा कुठाय?"

घे, लिहिते. विक्रम ऑक्टोबरात गेला. ऑफिसातल्या एकीबरोबर, ह्यूस्टनला. परत येणार नाहीये. या अख्ख्या वूस्टर गावात हे एकाच बाईला माहितीये — तळमजल्यावरच्या घरमालकीणबाई, मिसेस नोवाक. पोलिश, विधवा. त्यांनी त्याला खोकी उतरवताना पाहिलं. बाकी सगळ्यांना मी सांगितलंय, प्रोजेक्टवर आहे, वीकेंडला येऊन-जाऊन असतो. नाशिकला आईलाही तेच.

लिहितेय त्या कादंबरीला शेवट द्यायचाच नाही असं ठरवलंय मी. विक्रम म्हणायचा, ही फॅशन आहे. आता घरातही तेच चाललंय माझं.

१४ जानेवारी, सोमवार

संक्रांत. तीळ लेबनीज दुकानातले. म्हातारा दर वर्षी विचारतो, एवढ्या तिळाचं करता काय? गूळ कुठला, ब्राउन शुगर. लाडू वळेनात, वड्या पाडल्या. मधल्या मजल्यावरची लुझ — पोर्तो रिकोची — वासावर वर आली. उभ्या उभ्या वड्या खाल्ल्या नि म्हणाली, आमच्याकडे यात नारळ घालतात.

तिचा रेडिओ, नोवाकबाईंचा कोबी, माझी फोडणी — जिन्यात सगळं एक होतं. या जिन्यात मला कोणी काही विचारत नाही. आपल्या माणसांत गेलं की पहिला प्रश्न तोच. पण त्यांनी टाकलं तर मराठी बोलणार कोणाशी? तुझ्याशी?

१८ जानेवारी, शुक्रवार

उद्या हळदीकुंकू माझ्याकडे. दाराबाहेर विक्रमचे बूट ठेवलेत, टाकून गेला होता ते. फारच कोरडे दिसतायत.

१९ जानेवारी, शनिवार

सकाळी बूट खाली नेऊन बर्फात बुडवले. आजच कोणी घालून आल्यासारखे दिसावेत म्हणून. मिसेस नोवाक फावड्यानं पायऱ्या साफ करत होत्या. बघितलं, नि फावडं चालवत राहिल्या. मीच ओशाळले. म्हटलं, दुपारी वर या, बायकाबायकाच आहोत. लुझलाही सांगितलं.

विनीता काकू — डॉक्टरांच्या मिसेस, मंडळाच्या सर्वेसर्वा — दारातच थबकल्या. "आले वाटतं आमचे विक्रमराव!"

"हो काकू. जरा बाहेर गेलाय."

"एवढ्या बर्फात? नि बूट इथेच?"

झालं. मिसेस नोवाक मागून जिना चढत होत्या. मराठी कळायची गरजच नव्हती, काकूंचं बोट बुटांकडे होतं. इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "भिजवले त्यानं ते. माझ्या पायऱ्या साफ केल्या ना सकाळी. दुसरे घालून गेलाय." आणि आत जाऊन बसल्या.

काकूंनी दोघींच्या घरची चौकशी उरकली, तशी मी कुंकू लावायला उठले. काकूंना लावलं, त्यांनी मला लावलं. मग लुझ. "लाव लाव, लग्न झालंय ना तिचं," काकू म्हणाल्या. लुझ आरशात बघून खूश. मग मिसेस नोवाक. त्यांनी चष्मा काढला, कपाळ पुढे केलं.

काकू हळूच म्हणाल्या, "अगं, त्यांचे मिस्टर नाहीयेत ना."

आणि मी करंडा घेऊन पुढच्या बाईकडे वळले. मी! घरात एवढी पुस्तकं असलेली मी. मिसेस नोवाकना दोन वड्या दिल्या, वाण म्हणून प्लॅस्टिकचे मेजरिंग स्पून दिले. त्यांनी चष्मा परत घातला.

२० जानेवारी, रविवार

भयंकर थंडी. वरचा नळ गोठला, पाण्यासाठी खाली गेले. मिसेस नोवाकनी चहाला बसवून घेतलं.

"ते लाल, ते फक्त तुमच्या लोकांसाठी असतं का?"

"नाही. लुझला लावलं की."

"मग?"

"नवरा असलेल्या बायकांना लावतात."

त्यांनी कपात पाणी ओतलं. रागावल्या नव्हत्या. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"मग तुला कसं लावलं?"

२४ जानेवारी, गुरुवार

सकाळी कुंकू लावायला हात गेला. थांबला. मग लावलंच.

२७ जानेवारी, रविवार

रथसप्तमी. या वर्षीचं शेवटचं हळदीकुंकू, विनीता काकूंकडे. माझ्या बुटाची चेन तुटली. विक्रमचे घातले, पुढे कागदाचे बोळे कोंबून. काकूंच्या दारात काढले. बायकांच्या नाजूक बुटांत ते दोन होड्यांसारखे दिसत होते.

काकू करंडा घेऊन समोरच उभ्या. "अगं, विक्रमही आलाय? कुठे राहिला? ये म्हणावं आत, यांना गप्पांना कोणीतरी हवंच आहे."

"मीच घालून आलेय, काकू. तो ऑक्टोबरातच गेला. दुसरीबरोबर. आता येणार नाही."

आतल्या बायका दाराकडे वळल्या. काकूंनी बोट कुंकवात बुडवलेलं होतं. ते तसंच माझ्या कपाळासमोर, हवेत.

त्या बोटाचं पुढे काय होतंय ते बघायला मी थांबले नाही. बूट चढवले. नाड्या न बांधताच पायऱ्या उतरले.