नळीतून चहा

बा, तुला जाऊन सात वर्षं झाली, तरी माझा राग उतरलेला नाही. मेलेल्याशी भांडू नये म्हणतात. पण तू जिवंतपणी तरी कुठे भांडू दिलंस? घशातल्या गाठीनं आवाज गेला, तर पाटी घेऊन बसलास आणि हुकूम लिहायला लागलास.

मी अकोल्याला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आई नव्हती, म्हणून कॉलेज सोडून कामरगावला आलो आणि तुझ्या नाकातली रबरी नळी सांभाळत बसलो. कंपाउंडरनं एका दिवसात सगळं शिकवलं होतं. डाळीचं पाणी फडक्यातून दोनदा गाळायचं, काचेच्या पिचकारीचा दट्ट्या काढून ती उंच धरायची, पाणी आपल्या चालीनं उतरू द्यायचं. दिवसातून सहा वेळा. त्यात तुझा चहा वेगळाच. आपल्या घरचा चहा एके काळी जातीपायी कोणी घेत नसे, म्हणून आता जो येईल त्याच्यासोबत तू प्यायचासच. नळीतून का होईना.

कॉलेजातल्या एका मुलीशी माझं जुळलं होतं; त्या रविवारी अकोल्याला तिला पाहायला पाहुणे येणार होते. "सकाळीच ये आणि माझ्या वडिलांशी बोल, नाहीतर मला विसर," असं तिनं कळवलं होतं. शेजारच्या काकूला तुझ्याजवळ येऊन बसायला सांगून मी निघणार, तेवढ्यात धनजचा मामा दारात.

"काहून रे, कुठं चालला?"

"अकोल्याले."

"बाप नळीवर, अन् हा भांग पाडून राह्यला!"

तू पाटीवर लिहिलंस: चहा.

"बा, बस निघून जाईन. मामाले एकट्याले पिऊ दे आज."

तू पाटी खाटेवर आपटलीस. मग मी चहा पिचकारीत भरला, दट्ट्या घातला आणि जोरात ढकलला. तुला ठसका लागला, चहा नाकातोंडातून आला, जीव घाबरा झाला आणि तूच नळी ओढून काढलीस. मामा तेव्हा चुलीजवळ कप घेत होता. धावत आला. "काय केलं रे हे?"

तू पाटी ओढून लिहिलंस: मीच उपटली. पोराले बोलू नको.

अकोल्याची बस गेली. मी तुला जीपमध्ये टेकवून नळी पुन्हा घालायला कारंज्याला नेलं. तिकडे तिचं लग्न जमलं. महिन्याभरात तू गेलास.

कोणी सांगितलं होतं तुला मला वाचवायला? दोन थोबाडीत दिल्या असत्यास तर हिशेब तिथंच मिटला असता. आता तुझ्यावर चिडायला गेलो की ती पाटी आडवी येते, आणि मी आणखीच चिडतो.

तिला मी शेवटची चिठ्ठी लिहिली होती: 'बापानं मुद्दाम नळी उपटली, म्हणून येता आलं नाही.' पाटीवर तू 'मुद्दाम' लिहिलं नव्हतंस, बा. तो शब्द माझा.