ऐंशी टक्के

४ मार्च

मला निवडलं! कारण मला काहीच येत नाही.

बाजारात पिस्तुलाचा अर्धवट सांगाडा उघड मिळतो. विकणारे म्हणतात, हा ऐंशी टक्केच झालाय. म्हणजे पिस्तूल नव्हे. म्हणजे परवाना नको, नंबर नको. नव्या नियमाचा मसुदा माझा — सामान्य माणसाला घरगुती हत्यारांनी जो पुरा करता येतो, तो सांगाडा पिस्तूलच धरावा. आज बैठकीत साहेबांनी विचारलं, "सामान्य माणूस म्हणजे कोण? करून दाखवायला एक तरी हवा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

घरी सांगितलं तर नवरा पोट धरून हसला. "तू? तुला बरणीचं झाकण उघडत नाही!"

५ मार्च

साहेबांना सांगून टाकलं. माझा भाचा असल्याच घरगुती पिस्तुलानं गेला, मला चाचणीला बसवू नका, लोक म्हणतील मुद्दाम जमवलं. ते म्हणाले, "मुद्दाम बिघडवता येतं. मुद्दाम जमवता येत नाही. बसा तुम्ही."

ताईला फोन केला. "जमव गं," एवढंच म्हणाली.

तिच्या मुलाला कुणी मारलं, ते तिच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. पिस्तूल सापडलं. त्याला नंबर नाही — म्हणून मालक नाही. मारणारा सुटला. रोज सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध नेतो. कधी कधी ताई त्याच्या मागेच उभी असते.

९ मार्च

खात्याची कार्यशाळा. पांढरे दिवे, तेलाचा वास. तपासनीस बाईंनी सांगाडा माझ्यासमोर ठेवला आणि खुर्ची मागे ओढून बसल्या. "मी मदत करायची नाही. बोट कापलंत तर उठेन."

हातात घेतला. राखाडी, गुळगुळीत. साबणाची वडी म्हणून कुणी न्हाणीघरात ठेवला असता तरी चाललं असतं. पण मूठ आवळली आणि तो बसला. प्रत्येक बोटाला जागा. ज्यानं हा आखला त्यानं आधी हात पाहिला होता. नुसता हात — कुणाचाही.

१० मार्च

ड्रिल घसरलं. मोठा ओरखडा.

"सामान्य आहात. शंकाच नाही," बाई म्हणाल्या.

११ मार्च

झालं!

शेवटचा भाग आत सरकला आणि टिक असा आवाज आला. तेवढाच. त्याआधी तो धातू होता. त्यानंतर नव्हता. ही मधली रेषा शब्दांत पकडायला मी हिवाळाभर मसुदे खोडत बसले. इथे ती बोटांना कळली. किती बारीक! आणि ओलांडायला किती सोपी.

भीती वाटायला हवी होती. वाटलं ते वेगळंच — लहानपणी पाण्यानं पहिल्यांदा उचलून धरलं होतं, तसं. किती तरी वेळ मी हातच बघत होते.

लाज वाटली. पण नंतर.

१२ मार्च

चाचणी. आम्ही जाड काचेआड. चापाला दोरी बांधलेली. बाईंनी ती ओढली.

उडालं.

मी केलेलं उडालं! वाळूच्या पोत्याला टिकलीएवढं भोक. बाईंनी पोत्याचं तोंड सोडून आत हात घातला — कोपरापर्यंत गेला. गोळी काढून मला दाखवली. "पिस्तूल झालं. बाळ-बाळंतीण सुखरूप."

मी हसले. मग भाचा डोळ्यांसमोर आला. उन्हात डोळे किलकिले करून बघायचा, तसा.

१५ मार्च

ताई आली होती. मी सांगत सुटले. सांगाड्याचं, ओरखड्याचं, त्या आवाजाचं. नवरा म्हणाला, "ताई, आता कपाटाचं दारही हिच्याकडूनच बसवून घेतो."

ताईनं माझे हात ओढून घेतले. उलटसुलट करून पाहिले.

"ह्याच हातांनी?"

"ह्याच."

"आणि तुला काही म्हणजे काही येत नव्हतं."

"काही म्हणजे काही नाही!"

तिचा चेहरा उजळला. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा. जेवलीही नीट. जाताना म्हणाली, "तू मला फार मोठी गोष्ट दिलीस."

मला रडू आलं.

२२ मार्च

नियम मंजूर. साहेबांनी उभं राहून हात मिळवला.

२३ मार्च

ताईला फोन करून सांगितलं. तिनं विचारलं, "लागू कधीपासून?"

"एक मेपासून. विकणाऱ्यांना मुदत द्यावी लागते."

"तोवर मिळतो तो सांगाडा? उघड?"

"मिळतो," मी म्हटलं. कचेरीतली सवय — विचारलं तेवढ्याचं बिनचूक उत्तर.

तिनं फोन ठेवला. आता उचलत नाही.