मोहिनी सेफ मोडमध्ये आहे

२८ नोव्हेंबर १९९९, रविवार
मोहिनी आज सकाळी लेकीला, रागिणीला घेऊन माहेरी सेनगावला गेली. विश्रांतीसाठी. तसं ती म्हणाली नाही, पण लग्नसराईचे ब्लाउज शिवून थकली असणार. शिलाई मशीनही जीपच्या टपावर चढवून नेलं. विश्रांतीला मशीन कशाला, हा प्रश्न आहेच. मशीनची मोटार मात्र माझ्याकडे राहिली. जाताना तिनं एकदा मोटारीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

१९ डिसेंबरला वाचनालयात माझं व्याख्यान आहे: 'दूरच्या ग्रहांवर यंत्रयान पाठवण्यातल्या अडचणी'. हिंगोली आता जिल्हा झाला, विज्ञानाची जबाबदारी आम्हा शिक्षकांवरच. सोबत चालतं यान दाखवणार. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, चार चाकं आणि ही मोटार. दोन दिवसांसाठी मागून घेतली होती. तीन आठवडे झाले हे खरं, पण विज्ञानात मुदत वाढते. गुडघे दुखतात म्हणून तिनं मोटार बसवली होती. थोडे दिवस पायानं मशीन चालवलं तर व्यायाम होईल.

संकल्प: तिच्यामागे जायचं नाही. आपण होऊन येईल.

३० नोव्हेंबर
सेनगावच्या जीपवाल्या उत्तमसिंगजवळ सकाळी निरोप दिला: कधी येतेस? उत्तर संध्याकाळी मिळालं. मंगळावर संदेश पोचायला सध्या चौदा मिनिटं लागतात. उत्तमसिंगची जीप भरायलाच दोन तास. उत्तर असं: मोटार कधी येती म्हणं. प्रश्नाला प्रश्न. वाटेत सिग्नल बिघडला असावा.

२ डिसेंबर
सप्टेंबरात अमेरिकेचं एक मंगळयान वाया गेलं. एका टीमचा हिशेब पौंडात, दुसरीचा मेट्रिकमध्ये. एवढी शिकलेली माणसं. आमच्याकडेही तेच झालं आहे. मी 'दोन दिवस' म्हणालो ते माझ्या मापानं. तिनं कॅलेंडर बघितलं. व्याख्यानात हा मुद्दा घ्यायचा, नावं न घेता.

५ डिसेंबर, रविवार
पेपरात वाईट बातमी. आणखी एक यान मंगळाच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरायचं होतं. उतरता उतरता गप्प झालं, ते अजून गप्प. शास्त्रज्ञांना आशा आहे की ते सेफ मोडमध्ये गेलं असेल. म्हणजे काही बिनसलं की यान बाकी सगळं बंद करून पृथ्वीच्या आज्ञेची वाट बघत बसतं. वाचून माझा जीव भांड्यात पडला. मोहिनी सेफ मोडमध्ये आहे. योग्य आज्ञा गेली की झालं.

पिठलं करपलं. घर फार शांत आहे. तयारीला बरंच.

८ डिसेंबर
औंढ्याचे पेढे उत्तमसिंगबरोबर पाठवले. तो सांगत होता, डबा सासऱ्यांनी घेतला, वहिनी काई बोलल्या न्हाईत. लेकरू मात्र पळत आलं अन् जीपमधी वाकून वाकून बघून राहिलं. पप्पा मागच्या सीटवर हायेत का म्हणून. पेढ्याला हात लावला न्हाई.

तात्पर्य: रिसीव्हर चालू आहे. आशादायक.

चष्मा सापडेना म्हणून आज वाचन झालं नाही. डोळ्यांवरच होता.

१२ डिसेंबर, दुपार
यानाची चाचणी. टेबलावरून अडीच फूट उत्तम चाललं. मग धूर. मोटार वाइंडिंगवाल्या वसरामकडे नेली. त्यानं हुंगून बाजूला ठेवली. म्हणाला, सर, तांबं सारं काळं पडलं, आता यात काई राहिलं न्हाई.

संशोधनात असं होतंच. व्याख्यान होईपर्यंत मोहिनीला कळवायचं नाही. दूरच्या मोहिमेत एका वेळी एकच आज्ञा द्यावी.

१५ डिसेंबर
निरोपात आवाज नसतो, म्हणून कॅसेट भरून पाठवली. रेकॉर्डिंग चांगलं झालं. 'मोहिनी, तुझी चूक मी मोठ्या मनानं माफ केली आहे' हे वाक्य दोनदा घेतलं. उत्तमसिंगनं भजनाची समजून जीपमध्ये लावली. चौदा प्रवाशांनी ऐकली. सेनगावच्या स्टँडवर उतरलेल्या एका बाईनं तिथंच विचारलं म्हणे, चूक कोणाची व्हती?

मोहिनीनं कॅसेट परत पाठवली. रीळ नीट गुंडाळून. तेवढी काळजी आहे तिला.

रागिणीचा आवाज ऐकून सतरा दिवस झाले. हे इथं लिहायचं नव्हतं.

१९ डिसेंबर, रविवार
व्याख्यान उत्तम झालं. वीज गेली होती, त्यामुळे यान का चालत नाही हे कुणी विचारलं नाही. श्रोते सात, वाचनालयाचा शिपाई धरून. मागच्या बाकावर माझे सासरे, म्हणजे सटवाजीमामा. माझं व्याख्यान ऐकायला सेनगावहून आले. छाती फुगली.

शेवटी प्रश्न विचारायला तेच उठले. म्हणाले, जावईबापू, एक सांगा. एवढी तकलीफ घेऊन यंत्रच काहून पाठवतात? माणूस काहून जात न्हाई?

सोपा प्रश्न. मी सविस्तर सांगितलं. वाटेत हवा नाही, रस्ता नाही. जायला महिनोन्महिने लागतात, परतीची खात्री नाही. जिथं माणसाला स्वतः जाताच येत नाही, तिथंच यंत्र पाठवतात.

ते म्हणाले, बराबर हाय. टोपी नीट केली. म्हणाले, निघतो, सेनगावची जीप सुटंल.

घरी आलो. जेवायला बसलो. एवढंच विचारायला मामा सेनगावहून का आले, ते समजेना. पाणी पिताना समजलं.

२१ डिसेंबर
काल रजा टाकून सेनगावला गेलो. जीपनं पाऊण तास. रस्ता खराब आहे, पण आहे.

मोहिनी ओट्यावर मशीन चालवत होती, पायानं. गुडघ्याला फडकं बांधलेलं. रागिणीनं विचारलं, पप्पा, आज काय पाठवलंत? म्हणालो, काही नाही, मीच आलो. ती बिलगली ती सोडेना. मला रडू आलं.

मोटार जळाली हे मोहिनीला सांगितलं. माझ्यामुळे जळाली, हेही सांगितलं. तिचे पाय थांबले. घरी चल, म्हणालो. थोड्या वेळानं पाय पुन्हा सुरू झाले.

शेवटच्या जीपपर्यंत थांबलो. हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर ती बसली होती. उत्तर आलं नाही. ही अडचण कोणती, ते मला सांगता येत नाही.