सकाळच्या फुंकरीचा आकडा

मंगळवार, १४ मार्च, दुपारी २.१०. काल रात्रीचे पेले चार.

सूनबाई,
आठ तासांत दारू उतरते असे गणित मांडून मी सकाळी छकुलीला शाळेत सोडायला गाडी काढली. "बाबा, कालची उतरली ना?" असे तू विचारलेस, तेव्हा मी तुझ्यावरच डाफरलो. चौकात पोलिसांनी यंत्रात फुंकायला लावले. मर्यादा तीस, माझा आकडा बेचाळीस. मागून छकुली ओरडली, "आजोबा, जोरात फुंका, पहिला नंबर येईल!" माझी मान वर होईना. तिला चालत शाळेत पोहोचवून मी न्यायालयात गेलो. गुन्हा कबूल केला. आता परवाना जमा करायला जातो. तुला तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून ही चिठ्ठी. तिला आणायला तू जा.

परवाना निलंबित: १८० दिवस.