बाबांच्या नावाची हाक

रेमेईताई,

वसंतातले आठ दिवस निवांत काढावेत म्हणून मी लेस्कालाला बाबांच्या फ्लॅटवर आलोय. सकाळी समुद्रावर चक्कर मारतो, दुपारी टोमॅटो चोळलेला पाव खातो. पण मन लागत नाही.

शेजारच्या पाल्मिराबाईंना आता जवळजवळ दिसत नाही. माझा बाबांसारखा खोकला ऐकून पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "नार्सीस, आलास?" मी नार्सीस नाही, नार्सीसचा मुलगा एउदाल्द, असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी बाबांच्या नावाला ओ दिली.

काल आम्ही उन्हात मटार सोलत होतो. त्यांनी विचारलं, "लग्नावरून पोरीला घराबाहेर काढलंस, आता बोलाव की. दर वर्षी म्हणतोस, एउदाल्दकडून पत्ता घेतो."

"मागितला. त्याच्याकडे नाही म्हणाला," मी बाबा होऊन म्हणालो.

"खोटं बोलतो तुझा पोरगा," त्या शांतपणे म्हणाल्या.

ताई, बाबांनी तुझा पत्ता तीनदा मागितला होता आणि तो माझ्याकडे होता. तू आलीस तर मला कोण विचारणार, ही भीती होती. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, हे पाल्मिराबाईंनाही ठाऊक होतं; तुला मात्र मी कळवलं नाही.

आज पाल्मिराबाईंनी विचारलं, "पोरीला पत्र टाकलंस?"

"टाकलं."

"बरं केलंस, नार्सीस. आता सुखाने जा."

या पत्राचा अर्धवट कागद तेव्हा घडी करून माझ्या खिशात होता; फ्लॅटवर येताच तो पुरा करायला बसलो.

तुझा अपराधी भाऊ,
एउदाल्द