मोठ्या स्क्रीनवरचा अरुंद रकाना

सोम. २ फेब्रु.
नवऱ्याने न सांगता भलीमोठी फोर-के स्क्रीन आणली. रसायनीतली ड्यूटी सुटल्यावर टेंपोत घालून थेट कडावला, घरी. म्हणाला, "आता पुण्याला जाऊन येगळं काय मिळनार हाय तुला?" घरचे सगळे खूश. मीही हसले. घरून काम पुरे म्हणून याच आठवड्यात कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात जागा मागणार होते. आता कोणत्या तोंडाने...

बुध. ४
स्क्रीन एवढी, आणि आमच्याच कंपनीचा फाइल मॅनेजर (फायलींची यादी दाखवणारा प्रोग्रॅम) त्यावर केविलवाणा. रकान्यांची रुंदी जुन्या स्क्रीनच्या ठिपक्यांवर (पिक्सेलवर) बेतलेली. इथे ठिपके बारीक, म्हणून नावाचा रकाना बोटभर आणि उजवीकडे सगळं पांढरं. पुण्याच्या टीमलीड सरांना कळवलं. "तुम्हीच घ्या हे काम." घेतलं. जमलं की जागा हक्काने मागेन.

शुक्र. ६
मंगेशभावजींचा (धाकटे दीर, लग्नाचे फ्लेक्स छापतात) घोळ. हौसेने माझ्या स्क्रीनवर बसले. त्यांची प्रत्येक फाइल 'श्री गणेश प्रसन्न'ने सुरू होते, घराण्याचं नाव शेवटी. रकान्यात सगळ्याच 'श्री गणेश प्र…'. अंदाजाने एक उचलली, न उघडताच छपाईला. खालापूरच्या मांडवात फ्लेक्सवर दुसरंच जोडपं! नवरदेवाचा मामा फोनवर, "आमची नवरी कुठं हाय रं? ही कोन उभी केलीस?" हसू दाबता दाबता पुरेवाट झाली. मग खोलीत येऊन रडले. का, कोण जाणे.

मंगळ. १०
जमलं!! रुंदी आता अक्षरांच्या मापाने, उरलेली जागा नावाला. तरी मावलं नाही तर नाव मधूनच कापायचं, म्हणजे श्रीही दिसतो, घराणंही. भावजींच्या फायलींवर तपासलं, झकास.
सर भलतेच खूश. "अशी स्क्रीन इथे कुणाकडेच नाही. तुम्ही तिथूनच करा, इकडे यायची गैरसोय कशाला?" गैरसोय म्हणे! चांगलं काम केलं आणि आणखी घट्ट अडकले. म्हटलं, सर, मला यायचंय. "घरी विचारलंत का?" असा संताप आला. शेवटी, "बरं, एक तारखेपासून या. शुक्रवारपर्यंत नक्की कळवा."

शुक्र. १३
जेवताना सांगितलं एकदाचं. "आई, पुण्याच्या ऑफिसात जागा मिळतेय. तिकडेच राहावं लागेल."
सासूबाई वालाचं बिरडं वाढता वाढता थांबल्या. "तुला हितं काय कमी हाय गं?"
रागाने नाही, मनापासून विचारलं. स्वतंत्र खोली दिली, टेबल दिलं, मीटिंग चालू असली की चहा दाराशी ठेवून जातात. शोधूनही एक कमी सापडेना.
"काहीच नाही," म्हटलं.
"मंग झालं तर." मला भात वाढला. नवरा निर्धास्त जेवायला लागला. विषय संपला.
जाणार नाही, असं मी म्हटलेलंच नाही. सरांचा मेसेज येऊन पडलाय, काय ठरलं म्हणून.